आपल्याच गावचे प्रवासी

दिवाळीची सुट्टी संपून जुन्नरची शाळा पुन्हा भरली होती. पावसाळा सरला होता. डोंगरउतारांवरील गवत पिवळे पडू लागले होते आणि वर्गाच्या खिडकीतून शिवनेरीचा काळा कातळ सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होता. 'मी पाहिलेले एक सुंदर स्थळ' या विषयावर सातवीच्या मुलांनी सुट्टीत निबंध लिहून आणले होते. गुरुजी ते तपासून वर्गात आले.

कोणी मुंबईच्या समुद्राचे वर्णन केले होते, कोणी महाबळेश्वरच्या थंड हवेचे, तर कोणी अजिंठ्याच्या चित्रांचे. वर्गातील सर्वांत धीट मुलाच्या निबंधाचा आरंभ मात्र निराळाच होता. गुरुजींनी तो मोठ्याने वाचून दाखविला, "आमच्या गावात पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे मी न पाहिलेल्या ताजमहालाचे वर्णन करीत आहे."

सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले. मग त्यांनी विचारले, "तुमच्यापैकी शिवनेरी किती जणांनी पाहिला आहे?"

सर्वांचे हात वर गेले.

"छान! किल्ल्याला दरवाजे किती आहेत?"

कोणी चार म्हणाले, कोणी नऊ.

"गडावर गंगा-जमुना कशाला म्हणतात? आणि आपल्या गावाभोवतीच्या डोंगरांत लेणी किती आहेत?"

वर्ग शांत झाला. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही शिवनेरीवर गेला आहात, शिवनेरी पाहिला मात्र नाही. मुलांनो, परगावी गेलेला माणूस डोळे उघडे ठेवून हिंडतो, चार प्रश्न विचारतो, दिसलेले लक्षात ठेवतो. आपल्या गावात मात्र आपण डोळे मिटून वावरतो. पुढचे चार रविवार आपण आपल्याच गावचे प्रवासी होऊ. प्रत्येकाने वही, पेन्सिल, भाकरी आणि पाणी आणावे. आणखी एक वस्तू आणावी, ती म्हणजे एक प्रश्न."

पहिल्या रविवारी मुले मोठ्या उत्साहाने जमली. पण गुरुजींनी त्यांना कोणत्याही डोंगरावर नेले नाही. त्यांनी मुलांना कुकडी नदीच्या काठी नेले, मग बाजारातून आणि जुन्या आळ्यांतून फिरविले. मुलांची थोडी निराशाच झाली. रोजचीच दुकाने आणि रोजचेच रस्ते! त्यांत काय पाहायचे?

गुरुजींनी एका दुकानाच्या ओट्यावर मुलांना बसविले आणि ते सांगू लागले, "जुन्नर हे नाव जुने नगर या शब्दांवरून आले, असे सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळी हे भरभराटीचे व्यापारी ठाणे होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत गलबतांतून माल उतरे. तो कोकणातून नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि येथून पुढे पैठणकडे जाई. पैठण ही सातवाहनांची राजधानी. घाट चढून दमलेले बैल आणि माणसे येथे विसावत. व्यापारी आले म्हणून कारागीर आले. कारागीर आणि व्यापारी दोन्ही आले म्हणून दानधर्म वाढला, आणि त्या दानातून भोवतालच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एकाच गावाभोवती इतकी लेणी क्वचितच आढळतील."

"आणि लेण्याद्रीचा गणपती?" एका मुलाने विचारले.

"अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे ते स्थान एका बौद्ध विहारातच आहे. एका काळातील लोकांनी भिक्षूंसाठी कोरलेली ती जागा दुसऱ्या काळातील लोकांनी देवालय म्हणून जपली."

जाता जाता गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. एके काळी या गावात हातकागद तयार होत असे. लगदा साच्यावर पसरून, वाळवून आणि घोटून केलेल्या त्या कागदाला 'जुन्नरी' कागद म्हणत. मराठ्यांच्या दप्तरांत त्याला मोठा मान होता. "इतिहासाची कागदपत्रे आपण म्हणतो ना," गुरुजी म्हणाले, "त्यांतला कागद आपल्या गावच्या माणसांच्या हातचाही होता."

निरोप घेण्यापूर्वी गुरुजींनी प्रत्येकाच्या वहीत चार अक्षरे काढून दिली. ती देवनागरी नव्हती; ब्राह्मी होती. "लेण्यांतील लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो शब्द म्हणजे 'देयधम'. संस्कृतात त्यालाच 'देयधर्म' म्हणतात. धर्मबुद्धीने दिलेले दान, असा त्याचा अर्थ. यातला य पाहा, त्रिशूळासारखा आहे. ध धनुष्यासारखा आहे. आठवडाभर ही अक्षरे गिरवा. लेण्यांत ती तुम्हांला भेटतील."

दुसऱ्या रविवारी मंडळी शिवनेरीवर निघाली. या वेळी मुलांनी दरवाजे मोजले. ते सात भरले. शिवाईचे देऊळ पाहिले. खडकात खोदलेल्या गंगा-जमुना या टाक्यांचे पाणी पाहिले आणि एवढ्या उंचावर पाणी कसे टिकते, याची चर्चा केली. शिवजन्माच्या स्थानापाशी सारी मुले नम्र झाली. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस त्यांना पाठ होताच. परंतु गुरुजींनी सांगितलेली पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नव्हती.

"महाराजांचे बाळपण येथे थोडेच गेले. पुढे हा किल्ला मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला. किल्ला घेण्याचेही प्रयत्न झाले. कितीतरी किल्ले त्यांनी जिंकले, कितीतरी नवे बांधले. परंतु ज्या गडावर ते जन्मले, तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही."

क्षणभर कोणी बोलले नाही. ज्या गडावर आपण मनात येईल तेव्हा जातो, तो शिवरायांना पुन्हा आपला म्हणता आला नाही, हे ऐकून मुलांना वाईट वाटले.

उतरताना गुरुजींनी नेहमीची वाट सोडली आणि डोंगराच्या कुशीतील लेण्यांकडे मुलांना नेले. वरच्या गर्दीतील माणसे इकडे सहसा फिरकत नाहीत. एका लहानशा लेण्यात मुले शिरली. आत गारवा होता. डोळे अंधाराला सरावताच एक मुलगी हर्षाने ओरडली, "गुरुजी, अक्षरे!"

भिंतीवर खरोखरच अक्षरांची एक ओळ होती. दोन हजार वर्षांच्या ऊनवाऱ्याने ती पुसट झाली होती, तरी नीट पाहिल्यास उमटून दिसत होती. मुलगी वहीतील आकृती आणि भिंतीवरील आकृती ताडून पाहू लागली. "दे... य..." तिचे बोट थांबले. "गुरुजी, पुढचे अक्षर लागत नाही. वरून कोणीतरी ओरखडले आहे."

सर्वजण पुढे सरकले. त्या ओळीवर टोकदार खिळ्याने एक नाव कोरलेले होते. अक्षरे देवनागरी होती, मोठी होती, आणि त्यांचा एक लांब फटकारा जुन्या 'ध' आणि 'म' या दोन अक्षरांना छेदून गेला होता. नाव वाचताच मुलांच्या माना आपोआप एका दिशेला वळल्या. ताजमहालाचा निबंध लिहिणाऱ्या मुलाचे ते नाव होते.

तो मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या वर्षी मित्रांबरोबर आला असता त्याने ते नाव कोरले होते. तेव्हा भिंतीवर आधीपासून काही आहे, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. त्याने खाली वाकून एक दगड उचलला आणि तो नाव घासण्यासाठी पुढे झाला.

गुरुजींनी त्याचा हात धरला. "थांब, बाळ. तुझे नाव घासून काढशील, तर त्याखालची अक्षरेही जातील. ही रेघ आता जायची नाही."

"मला शिक्षा होईल का, गुरुजी?" मुलाने हळू आवाजात विचारले.

"प्राचीन स्मारकांची नासधूस करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. पण प्रत्येक लेण्यापाशी रात्रंदिवस पहारेकरी कसा उभा राहील? या भिंतींची खरी राखण गावच्या माणसांनीच करायची असते. आज तू एक काम कर. या ओळीतील जेवढी अक्षरे दिसतात, तेवढी तुझ्या वहीत जशीच्या तशी उतरून घे."

मुलगा भिंतीसमोर बसला. इतर मुलांनी बाहेर बसून भाकरी सोडली. तो आत एकेक अक्षर निरखून उतरवीत राहिला. त्याला बोलावण्यास कोणी गेले नाही. गुरुजींनी त्याच्या वाटणीची भाकरी तेवढी झाकून ठेवली.

तिसऱ्या रविवारी गुरुजी मुलांना मानमोडीच्या डोंगरावर घेऊन गेले. तेथे कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात, म्हणून सर्वांनी हळू बोलायचे ठरले होते. भूतलिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांतील चैत्यगृहासमोर मुले उभी राहिली. दर्शनी भागावरील कमानीचे नाजूक कोरीव काम पाहून ती थक्क झाली.

गुरुजी कुजबुजत्या स्वरात म्हणाले, "या दर्शनी भागावर दात्याचे नाव कोरलेले आहे. त्याचे नाव चंद. तो कोण होता, हेही लेखात सांगितले आहे. तो यवन होता, म्हणजे मुळचा ग्रीक किंवा पश्चिमेकडील देशांतून आलेला. जुन्नरच्या लेण्यांत अशा तीन यवनांची नावे आढळतात. इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली. चित याने संघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने हे दर्शनी काम दिले."

"परदेशचा माणूस आपल्या गावी कशाला दान देईल, गुरुजी?" एकाने विचारले.

"कदाचित तो या गावाला परके मानीत नसेल," गुरुजी म्हणाले. "याच डोंगरात अयम नावाच्या वत्सगोत्री अमात्याचा लेख आहे. शक राजा महाक्षत्रप नहपान याचा तो अमात्य. त्याने मंडप आणि पाण्याचे टाके दिले, आणि लेखात ४६ हे वर्षही नोंदले. शकांचे राज्य गेले, सातवाहनांचे गेले. पुढे १४९० च्या सुमारास अहमद निजामशहाने स्वतंत्र होऊन राज्य स्थापले, तेव्हा प्रथम जुन्नर हीच त्याची राजधानी होती. मग मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले. गाव मात्र येथेच आहे. यांतील एकाच काळाला आपला म्हणून बाकीच्यांकडे पाठ फिरविली, तर गाव अर्धेच पाहिल्यासारखे होईल."

मग गुरुजींनी आपली वही उघडली. "राजे आणि अमात्य यांच्याच गोष्टी येथे आहेत, असे मात्र समजू नका. त्या काळी एका व्यवसायातील लोकांच्या संघाला 'श्रेणी' म्हणत. जुन्नरच्या लेखांत अशा श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. दुसऱ्या एका लेखात कांस्यकारांची श्रेणी येते, आणि तिच्या जोडीला येते 'वसकारां'ची श्रेणी. वसकार म्हणजे वंशकार. वंश म्हणजे वेळू. वेळूकाम करणारे लोक. दाते आपले धन या श्रेणींपाशी ठेव म्हणून ठेवीत आणि त्याच्या उत्पन्नातून धर्मकार्याचा खर्च चाले."

मागे उभी असलेली एक मुलगी एकाएकी पुढे आली. शिवनेरीच्या लेण्यात अक्षरे प्रथम पाहिली होती, ती हीच. तिचे वडील बुरूडकाम करीत. बाजाराच्या दिवशी सुपे आणि टोपल्या घेऊन ते रस्त्याच्या कडेला बसत, तेव्हा वर्गातील कोणी समोरून आले की ती मान खाली घालीत असे.

"वेळूकाम म्हणजे आमचेच काम ना, गुरुजी?"

"होय."

"आणि लोक आपले धन त्यांच्याजवळ ठेवीत?"

"ठेवीत. त्यांची तेवढी पत होती. विश्वास असल्यावाचून कोणी कोणाजवळ ठेव ठेवीत नाही."

मुलगी काही बोलली नाही. तिने वहीत 'वसकार' हा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती वडिलांच्या शेजारी बसलेली दिसली. समोरून मैत्रिणी आल्या, तेव्हा तिने मान खाली घातली नाही.

चौथा रविवार नाणेघाटाचा होता. जुन्नरपासून पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर हा घाट आहे. एस.टी.ने घाटघरच्या बाजूला उतरून मुले पठारावरून चालत निघाली. डावीकडे जीवधन किल्ला उभा होता. पुढे पठार एकाएकी संपले आणि खाली कोकण दिसू लागले. शेते, झाडी आणि वाड्या इतक्या लहान दिसत होत्या की जणू कोणी पाटीवर रांगोळी रेखाटली असावी. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. येथून जाणाऱ्या मालावरील जकातीची नाणी त्यात टाकीत असत, अशी समजूत आहे.

तेथे गुरे राखीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ मुलांजवळ आले. त्यांनी दगडी फरसबंदीच्या वाटेकडे बोट दाखविले. "बाळांनो, आमचा आजा याच वाटेनं म्हशाच्या जत्रेला उतरायचा. रातीला निघायचा, उजाडता खाली. तवा गाडीबिडी कुठली!" मुलांनी त्यांना नमस्कार केला. दोन हजार वर्षांची वाट आणि या आजोबांचे आजोबा यांचा असा धागा जुळलेला पाहून मुलांना नवल वाटले.

मग सर्वजण घाटातील लेण्यात शिरले. तिन्ही भिंती पाहून मुलांचे डोळे विस्फारले. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ओळींमागून ओळी ब्राह्मी अक्षरे होती. समोरच्या भिंतीवर एके काळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती राहिलेल्या नाहीत. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी ही त्यांपैकी काही नावे होत.

"या नायनिकेलाच आपण नागनिका म्हणतो," गुरुजी म्हणाले. "भिंतींवरील मोठ्या लेखात या राजकुलाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची नोंद आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आहेत. गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी दान दिल्याचे सांगितले आहे. आणि हे दान किती, ते अंकांत लिहिले आहे. हा लेख जगभरच्या गणिताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे तो या अंकांमुळे. आडवी एक रेघ म्हणजे एक, दोन रेघा म्हणजे दोन. शून्याचा उपयोग येथे नाही. शंभरासाठी निराळी खूण आहे, हजारासाठी निराळी. एके ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. वीस हजार, चार हजार आणि चारशे यांच्या खुणा एकापुढे एक मांडून तो लिहिला आहे."

मुलांनी ते अंक वहीत उतरून घेतले. गुरुजी पुढे म्हणाले, "इंग्रजी राजवटीच्या आरंभीच्या काळात कर्नल साइक्स याने या लेखाची माहिती प्रथम बाहेर आणली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा कसून अभ्यास केला. १८३९ मध्ये जन्मलेले हे पंडित मूळचे जुनागढचे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासाठी ते गावोगाव हिंडून लेखांचे ठसे घेत. जुनागढचा माणूस आपल्या दारातील अक्षरे वाचण्यासाठी इतक्या दूर आला. आपले पूर्वज शतकानुशतके या घाटातून गेले, आले. त्यांना या खुणा म्हणजे देवादिकांचे लिखाण वाटे."

इतका वेळ गप्प बसलेला तो मुलगा आता उठून उभा राहिला. दोन आठवडे त्याच्या मनात एक प्रश्न घोळत होता.

"गुरुजी, रागावू नका. चंदाने आपले नाव कोरले, अयमाने कोरले, राणीने तर साऱ्या घराण्याची नावे कोरली. त्यांनीही डोंगराच्या भिंतीवर नावेच लिहिली ना? मग त्यांची नावे आपण जपायची, आणि माझे नाव तेवढे वाईट, असे का?"

मुले स्तब्ध झाली. गुरुजी मात्र प्रसन्न झालेले दिसले. "पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक प्रश्न आणावा, असे मी म्हटले होते. खरा प्रश्न आज तू आणलास. आता तुझी वही उघड. शिवनेरीच्या लेण्यात तू जो शब्द उतरून घेतलास, तो वाच."

"दे-य-ध-म."

"चंदाच्या नावापुढे काय आहे?"

"दर्शनी काम दिल्याचे."

"इरिलाच्या?"

"पाण्याची टाकी दिल्याचे."

"राणीच्या लेखात?"

"दानाचे आकडे."

"आता तुझ्या नावापुढे काय आहे, ते सांग."

मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "काही नाही. गेल्या वर्षाची तारीख आहे."

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या लोकांनाही आपले नाव टिकावे असे वाटत होते, त्यात काही गैर नाही. पण त्यांनी आधी दिले आणि मग लिहिले. जे लिहिले, ते स्वतः घडविलेल्या भिंतीवर लिहिले. इरिलाचे नाव कोणी वाचले नसते, तरी त्याच्या टाक्यांतील पाण्याने तहानेल्यांची तहान भागलीच असती. गाव आपले आहे असे सगळेच म्हणतात. आपण गावाला काय दिले, हे सांगता आले म्हणजे मग आपणही गावाचे होतो."

"पण आम्ही काय देणार, गुरुजी?" मुलीने विचारले. "आमच्याजवळ कार्षापण नाहीत."

"ज्याला जे ठाऊक आहे, ते त्याने द्यावे," गुरुजी म्हणाले. "भिंतीवर अक्षरे आहेत हे ज्याला कळत नाही, तोच त्यावर खिळा चालवितो. तुम्हांला आता कळते. ते दुसऱ्याला सांगणे, हेच तुमचे देयधम."

परतताना एस.टी.त मुलांच्या गप्पा रंगल्या. एकाने सांगितले की आपल्याच तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. गुरुजींनी माहितीत भर घातली. खोडदच्या परिसरात पसरलेल्या ३० अवाढव्य तबकड्यांची मिळून ती दुर्बीण होते, आणि प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातील दूरदूरच्या ज्योतींकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. ज्या तालुक्यात माणसाने दगडावर अंक कोरले, त्याच तालुक्यात आज ताऱ्यांचे गणित मांडले जाते, हे ऐकून मुलांना मोठे कौतुक वाटले. पाचवा रविवार कोठे जायचा, हे तेथेच ठरले.

फेब्रुवारीच्या १९ तारखेला शिवनेरीवर नेहमीप्रमाणे मोठी गर्दी लोटली. त्या दिवशी सातवीतील पाचसहा मुले डोंगराच्या कुशीतील लेण्यांपाशी उभी होती. कोणी तरुण हातात खडू किंवा खिळा घेऊन आत शिरू लागला, तर ती मुले त्याला अडवीत नसत. त्याच्याशी भांडतही नसत. त्यांच्यातील सर्वांत धीट मुलगा पुढे होऊन म्हणे, "दादा, आत चला, तुम्हांला एक जुना लेख दाखवितो."

मग तो भिंतीवरील ओळीवर बोट न टेकविता एकेक अक्षर वाचून दाखवी. 'य' नंतर तो थांबे आणि म्हणे, "येथे 'ध' आणि 'म' होते. दोन हजार वर्षे ती अक्षरे शाबूत होती. त्यांवरून गेलेली ही रेघ माझी आहे."

बहुतेक लोक ते ऐकून हातातील खिळा खिशात ठेवीत आणि बाहेर पडत. काहीजण पुढच्या लेण्याची वाट विचारीत. वार्षिक परीक्षेच्या निबंधात त्या मुलाने ताजमहालाविषयी लिहिले नाही. शिवनेरीच्या त्या लहानशा लेण्याविषयी लिहिले. गुरुजींनी निबंधाखाली शेरा लिहिला नाही. वहीतील त्याच चार ब्राह्मी अक्षरांचा शब्द लिहिला.

ती रेघ अजून तेथे आहे.

अभ्यास

१. 'तुम्ही शिवनेरीवर गेला आहात, शिवनेरी पाहिला मात्र नाही,' असे गुरुजी का म्हणाले?

२. जुन्नर हे सातवाहन काळात व्यापाराचे ठाणे का झाले?

३. 'वसकार' या शब्दाखाली मुलीने दोन रेघा का ओढल्या असाव्यात?

४. नाणेघाटातील लेखात मोठ्या संख्या कशा लिहिल्या आहेत, ते थोडक्यात सांगा.

५. आपले नाव कोरणारा मुलगा आणि चंद, इरिल व अयम यांच्यात गुरुजींनी कोणता फरक दाखविला? तो तुम्हांला पटतो का? कारणे द्या.

६. तुमच्या आळीचे, ओढ्याचे किंवा टेकडीचे नाव कसे पडले, हे घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.